सांधेदुखीची गोळी, कर्करोगाचा रुग्ण

खंडाळ्याच्या बाजारपेठेतील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांची तक्रार एकच असते : दुखणे. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाचा खांदा. कांद्याची गोणी उचलणारा हमाल असो, शिरवळच्या कारखान्यात आठ तास उभा राहणारा कामगार असो वा घाटातून दुचाकीवर ये-जा करणारा शिक्षक असो, दुखण्याची गोळी या सर्वांना ठाऊक असते. ती इतकी परिचयाची झाली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचीही कोणाला आवश्यकता वाटत नाही. म्हणूनच गेल्या वर्षी पालखीच्या दिवसांत एका सुनेने विचारलेला प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

तिचे सासरे, वय चौसष्ट, लोणंदकडच्या एका गावचे शेतकरी. चाळीस वर्षे तंबाखू-चुन्याची सवय. खालच्या हिरडीवर उठलेली गाठ जबड्यात शिरली होती आणि मानेतील गाठींपर्यंत पोचली होती. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने शस्त्रक्रिया शक्य नसल्याचे स्पष्ट सांगून तोंडाने घ्यावयाची औषधे दिली होती : आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट आणि दररोज दोन वेळा सेलेकॉक्सिबची कॅप्सूल. सूनबाई अंगणवाडी सेविका. कागदपत्रांची पिशवी नीट लावून आणलेली. तिने सेलेकॉक्सिबची पट्टी माझ्यापुढे ठेवली.

“डॉक्टरसाहेब, ही तर सांधेदुखीची गोळी. माझ्या आईला तुम्हीच दिली होती. मामांना कॅन्सर आहे, गुडघेदुखी नाही. आमच्या एका पाहुण्यांनी सांगितलं, सूज उतरवणाऱ्या गोळ्या अंगातली ताकद मारतात, पांढऱ्या पेशी झोपवतात. म्हणून बारा दिवस झाले, ही मी बंद केलीय.”

आबा बाजूच्या बाकावर बसले होते. तोंड पुरते उघडत नव्हते. तरीही ते बोलले, “डॉक्टर, गोळी कामाची हाय का न्हाय, एवढंच सांगा.”

प्रश्न साधा होता. उत्तर साधे नव्हते. त्या दिवशी मी जे थोडक्यात सांगितले, ते आज वाचकांपुढे जरा विस्ताराने मांडतो. कारण पाहुण्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. ते अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे हे औषधांच्या बाबतीत पुष्कळदा पूर्ण खोट्याहून अधिक घातक ठरते.

प्रथम ‘दाह’ म्हणजे काय ते पाहू. बोटाला काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. हा शरीराने केलेला बंदोबस्त असतो. आमच्या भागातले उदाहरण द्यायचे तर, माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा गावात वर्दळ वाढते, रस्ते बंद होतात, जागोजागी पोलीस उभे राहतात. गैरसोय होते, पण ती आवश्यक असते, आणि पालखी पुढे गेली की गाव पूर्ववत होते. आता कल्पना करा, की ही गर्दी महिनोन्‌महिने हललीच नाही. बंदोबस्तावरचे शिपाई थकतील, कोण वारकरी आणि कोण खिसेकापू हे ओळखेनासे होईल, आणि खिसेकापूंचेच फावेल. दीर्घकाळ रेंगाळणारा दाह हा असा असतो.

कर्करोग आणि दाह यांचा संबंध जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच सुचविला होता. गाठींच्या आत त्यांना पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. १९८६ मध्ये अमेरिकेतील हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी कर्करोगाच्या गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटले. तंबाखूच्या गोळीने वर्षानुवर्षे चरचरणारी गालाची आतली बाजू ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या न भरणाऱ्या जखमेत एक रसायन मुबलक तयार होते. त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन ई-२. ते बनविण्याचे काम पेशींतील सायक्लोऑक्सिजनेज हे विकर करते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे याच विकराला अडवितात आणि म्हणून वेदना व सूज कमी होते. हे रहस्य ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सेलेकॉक्सिब हे त्याच कुळातले, मात्र या विकराच्या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे दाहाच्या वेळी विशेषतः वाढणाऱ्या प्रकाराला, निवडून अडविणारे औषध.

आता मूळ मुद्दा. हे प्रोस्टाग्लँडिन गाठीच्या आत काय करते? कर्करोगाशी लढणाऱ्या पेशींचे अनेक प्रकार आहेत. नैसर्गिक मारक पेशी संशयित पेशीवर थेट हल्ला करतात. दुसऱ्या काही पेशी शत्रूची ओळखखूण घेऊन ती लसिका ग्रंथींत पोचवितात. तेथे तयार झालेल्या टी पेशी ती खूण ध्यानात ठेवून गाठीवर चालून जातात. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की प्रोस्टाग्लँडिन ई-२ या तिन्ही पायऱ्यांवर अडथळा आणते. २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखविली : गाठीत शिरलेल्या टी पेशींना तेथे संख्येने वाढण्यासाठी जो रासायनिक संदेश लागतो, तो या प्रोस्टाग्लँडिनमुळे त्यांना नीट ऐकू येत नाही. फौज पोचते, पण तिची कुमक वाढत नाही.

म्हणजे येथे चित्र पाहुण्यांच्या समजुतीच्या नेमके उलट दिसते. सूज उतरविणारी गोळी प्रोस्टाग्लँडिन कमी करते, आणि त्यामुळे या विशिष्ट ठिकाणी शरीराच्या शिपायांच्या पायांतली बेडी सैल होण्याची शक्यता असते. ‘शक्यता’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. उंदरात जे घडते ते माणसात घडेलच असे नाही, आणि घडले तरी त्याने आयुष्य वाढेलच असेही नाही. त्यासाठी रुग्णांवर शिस्तशीर चाचणी व्हावी लागते.

अशी चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१६ ते २०२० या काळात डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे ४२२ रुग्ण घेतले. हे सर्व असे होते, की त्यांचा आजार पूर्ण बरा करणे शक्य नव्हते. निम्म्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन हे प्रस्थापित औषध दर तीन आठवड्यांनी दिले. उरलेल्यांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब २०० मिलिग्रॅम दररोज दोनदा, अशा स्वस्त गोळ्या घरी घेण्यास दिल्या. निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. सिस्प्लॅटिन घेतलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान ६.१ महिने होते, तर गोळ्या घेतलेल्या गटाचे ७.५ महिने. गंभीर दुष्परिणाम सिस्प्लॅटिनच्या गटात ३० टक्के रुग्णांना झाले, गोळ्यांच्या गटात १९ टक्क्यांना.

दीड महिन्याचा फरक लहान वाटेल. परंतु आमच्या तालुक्यातील कुटुंबाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. सलाइन लावण्यासाठी दर तीन आठवड्यांनी मुंबई, तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सारे टळते आणि तरीही रुग्णाच्या वाट्याला कमी नव्हे तर अधिक दिवस येतात. खर्चिक तेच उत्तम, या आपल्या सर्वांच्या मनातील समजुतीला या चाचणीने छेद दिला आहे.

त्याच रुग्णालयाची दुसरी चाचणी २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. टी पेशींवर कर्करोगाने लावलेला ‘ब्रेक’ सैल करणारी औषधे आता उपलब्ध आहेत. त्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यांपैकी निव्होलुमॅब हे औषध सामान्य भारतीयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. टाटातील डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, इतके निव्होलुमॅब मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्यांच्या जोडीला दिले. चाचणीत १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के.

येथे तर्क नीट लावला पाहिजे. दोन्ही गटांना सेलेकॉक्सिब मिळत होते, म्हणून या यशातील सेलेकॉक्सिबचा वाटा किती, हे या चाचणीवरून सांगता येत नाही. मात्र एवढे निश्चित म्हणता येते, की ही दाहशामक कॅप्सूल सोबत असतानाही प्रतिकारशक्ती जागविणारे औषध निष्प्रभ झाले नाही. सूनबाईंच्या भीतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

यावरून कोणी असे समजू नये, की कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाने, किंवा कर्करोग होऊ नये म्हणून प्रत्येक निरोगी माणसाने, दुखण्याची गोळी सुरू करावी. ॲस्पिरिनचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांत दाखविले, की रक्तातील बिंबिकांपासून निघणारे थ्रॉम्बॉक्सेन हे द्रव्य टी पेशींना दडपते, आणि ॲस्पिरिनने ते कमी केल्यास कर्करोगाचा फैलाव घटतो. त्याच वर्षी स्कँडिनेव्हियातील चाचणीत, आतड्याच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल होते, त्यांच्यात रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या तीन हजारांवर रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, ॲस्पिरिनचा काहीही लाभ दिसला नाही. आणि बहुतांशी सत्तरीपुढील १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवरील २०१८ च्या अभ्यासात ॲस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू उलट अधिक आढळले. औषध तेच; रुग्ण, अवयव, वय आणि वेळ बदलली की फळ बदलते.

आता पाहुण्यांच्या म्हणण्यातील खरा भाग. ‘सूज उतरविणारी औषधे’ या एका नावाखाली आपण दोन निरनिराळी कुळे कोंबतो. वर सांगितलेले कुळ स्टेरॉइड नसलेल्या औषधांचे. दुसरे कुळ स्टेरॉइडचे : डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन इत्यादी. ही औषधे खरोखरच टी पेशींना शांत करतात, काहींना नष्टही करतात. म्हणूनच फुप्फुसाच्या कर्करोगात प्रतिकारशक्ती जागविणारे उपचार सुरू होताना जे रुग्ण रोज १० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन घेत होते, त्यांना त्या उपचारांचा लाभ कमी झाल्याचे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. नंतरच्या विश्लेषणात मात्र असे आढळले, की यात मुख्यतः ते रुग्ण होते ज्यांना आजार बळावल्यामुळे स्टेरॉइड द्यावे लागले होते. दम्यासारख्या अन्य कारणासाठी ते घेणाऱ्यांची स्थिती तितकी वाईट नव्हती. म्हणजे दोष पूर्णपणे औषधाचा नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्करोगाच्या उपचारांत स्टेरॉइड कित्येकदा प्राणरक्षक असते. मेंदूतील गाठीभोवतीची सूज, काही औषधांची तीव्र ॲलर्जी, केमोथेरपीनंतरच्या उलट्या, यांवर तेच दिले जाते. प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या उपचाराने शिपाई बेफाम होऊन आतड्यांवर वा फुप्फुसांवर तुटून पडले, तर त्यांना आवरण्यासाठीही स्टेरॉइडच द्यावे लागते. म्हणून ‘स्टेरॉइड वाईट’ असे ऐकून ते एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. खरा धोका असतो तो सल्ल्याविना घेतलेल्या स्टेरॉइडचा, आणि सांधेदुखीवर रामबाण म्हणून बिननावाच्या पुडीतून विकल्या जाणाऱ्या चूर्णातील छुप्या स्टेरॉइडचा.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू असलेल्या एक बाई संध्याकाळच्या गर्दीत आल्या. अंग दुखते आणि जरा कणकण वाटते, एवढेच त्यांनी सांगितले. मी फाइल पाहिली नाही. शेवटची केमोथेरपी केव्हा झाली हेही विचारले नाही. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले, तीन दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. ताप उतरला. दोन दिवसांनी त्यांना उचलून आणले तेव्हा रक्तदाब जेमतेम लागत होता. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. पेशी कमी झाल्या त्या केमोथेरपीमुळे. पण ताप हीच शरीराने वाजविलेली धोक्याची घंटा होती, आणि ती मी माझ्या हाताने बंद केली होती. पुण्यात अतिदक्षता विभागात नऊ दिवस काढून त्या बचावल्या. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यानंतर मात्र कर्करोगाचा रुग्ण दवाखान्यात आला, की इंजेक्शनच्या आधी माझा हात फाइलकडे जातो.

म्हणून वाचकहो, ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे त्यांनी पुढील गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात.

केमोथेरपी चालू असताना अंग गरम लागल्यास प्रथम तापमापक लावावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. पॅरासिटामॉल सूज फारशी उतरवीत नाही, परंतु तापाची घंटा तेही बंद करते, म्हणून आधी मोजणे आणि मग गोळी हा क्रम सोडू नये.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दिनदर्शिकेवर त्या वाराला खूण करावी आणि पट्टी रोजच्या गोळ्यांत मिसळू नये. या औषधासोबत दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. या गोळ्या मूत्रपिंडावाटे मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्यात अडथळा आणतात आणि ते अंगात साठून तोंडात फोड येतात, पेशी घटतात. कर्करोगतज्ज्ञांनी सेलेकॉक्सिब दिले असेल तर ते हा हिशेब करून, रक्ताच्या तपासण्या ठेवून दिलेले असते. त्यावर आपण आणखी एक वेदनाशामक चढविणे म्हणजे तो हिशेब मोडणे. लघवीच्या जंतुसंसर्गावर सहज दिले जाणारे कोट्रायमोक्झाझोलही मेथोट्रेक्सेटसोबत धोकादायक आहे. म्हणून ताप-लघवीसाठी कोणाही डॉक्टरकडे जाताना चालू औषधांची यादी दाखवावी.

रुग्णाला हृदयविकार, जुना अल्सर, मूत्रपिंडाचा आजार वा सल्फा औषधाची ॲलर्जी असेल तर ती गोष्ट सेलेकॉक्सिब सुरू होण्यापूर्वीच सांगावी. काळी शौचास होणे, पायांवर सूज, लघवी कमी होणे, छातीत दुखणे यांपैकी काही आढळल्यास थांबू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तसेच बंदही करू नये. शंका आली तर विचारावे. विचारणे हा अविश्वास नव्हे.

त्या दिवशी मी सूनबाईंसमोरच मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी रक्ताच्या तपासण्या मागितल्या, आकडे ठीक होते, कॅप्सूल पुन्हा सुरू झाली. बारा दिवस बंद ठेवल्याबद्दल कोणी कोणाला बोलले नाही. त्या बाईने काळजीपोटीच ते केले होते. फक्त प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला होता.

पुढे दोन-तीन महिन्यांत आबांचा ठणका कमी झाला. तोंड बोटभर अधिक उघडू लागले. दुधात कुस्करलेली भाकरी ते स्वतःच्या हाताने खाऊ लागले. पुढल्या आषाढात पालखी आली तेव्हा ते लोणंदला रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसून होते. भाद्रपदात ते गेले. त्या कॅप्सूलने त्यांना किती दिवस दिले, हे एका रुग्णावरून कोणीही सांगू शकणार नाही; मीही सांगणार नाही. सून मात्र दहावे झाल्यावर उरलेल्या औषधांची पिशवी घेऊन आली. मेथोट्रेक्सेटच्या पट्टीवर दर सोमवारची खूण तिने पेनाने केलेली होती, एकही न चुकता. “दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील का?” तिने विचारले.

मी त्या गोळ्या ठेवून घेतल्या नाहीत. एकाची औषधे दुसऱ्याला देता येत नाहीत, हे तिला समजावून सांगितले. तिची खुणा करण्याची रीत मात्र ठेवून घेतली आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना मी आता पट्टी बाहेर काढायला सांगतो, आणि त्यांच्या हातात पेन देतो.